एआर सँडबॉक्स: पाणलोट दाखवायला उत्तम, पण रंग आणि वाळू आपली निवडा

वाळूने भरलेली टेबलाएवढी पेटी, वर टांगलेला खोली मोजणारा कॅमेरा, त्याच्या शेजारी प्रोजेक्टर आणि बाजूला एक कॉम्प्युटर. वाळूचा ढीग केला की सेकंदाभरात त्याच्यावर डोंगराचे रंग चढतात आणि भोवती समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वळसे घेतात. खड्डा केला की तो निळा होतो. पंजा उघडून वर धरला की पाऊस पडतो आणि पाणी उताराने वाट काढत जातं. एआर सँडबॉक्स (एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटी, खऱ्या वस्तूवर कॉम्प्युटरचं चित्र चढवणं) या नावाने परदेशातल्या कितीतरी विज्ञान केंद्रांत ही वस्तू दिसते. शाळेसाठी, संग्रहालयासाठी किंवा गावोगावच्या पाणलोट प्रशिक्षणासाठी ती उभी करण्याचा विचार असेल तर हे परीक्षण त्यासाठी आहे.

मूळ काम अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतलं. ऑलिव्हर क्रेलोस यांनी सॉफ्टवेअर लिहिलं. सोबत टाहो सरोवराचा अभ्यास करणारं विद्यापीठाचं केंद्र, बर्कलीचं लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स आणि व्हरमाँटमधलं इको हे विज्ञान केंद्र होतं. पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, आणि कल्पनेचं बीज चेक प्रजासत्ताकातल्या सँडीस्टेशन या प्रकल्पात. टाहोसारख्या सरोवराभोवतीचा पाणलोट लोकांना नकाशावरून कळत नाही, हाताने घडवला तर कळतो, हा त्यामागचा विचार. सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. पैसे लागतात ते सामानाला, आणि त्यातला मोठा वाटा प्रोजेक्टर व कॉम्प्युटरचा.

निकाल आधीच सांगतो. जमिनीचा पृष्ठभाग, उतार, जलविभाजक (जिथून पाणी दोन बाजूंना वाटलं जातं तो उंचवटा) आणि समोच्च रेषा समजावण्यात याच्या जवळपास पोचणारं दुसरं साधन नाही. पण पेटी जशी येते तशी वापरली तर ती महाराष्ट्राच्या भूगोलाबद्दल तीन-चार गोष्टी सरळ चुकीच्या शिकवते. त्या सुधारणं तंत्रज्ञाच्या हातात कमी आणि रंग, घडण, निवेदन पाहणाऱ्याच्या हातात जास्त आहे. टीममध्ये एखादा चित्रकलेचा शिक्षक किंवा नेपथ्याचा माणूस हवाच.

आधी बांधणी. पेटीचं प्रमाण 4:3 ठेवायचं, कारण कॅमेऱ्याचं खोलीचं चित्र 640 गुणिले 480 असतं आणि प्रोजेक्टरही 1024 गुणिले 768 चा घ्यायचा असतो. 100 सेंमी लांब, 75 सेंमी रुंद आणि 20 सेंमी खोल हे माप सोयीचं. कॅमेरा पेटीच्या मध्यावर वाळूपासून साधारण 100 सेंमी उंच. त्याहून वर नेला की उंचीतली चूक वाढत जाते, अर्ध्या मीटरच्या आत आणला की कॅमेऱ्याला दिसतच नाही. प्रोजेक्टर शॉर्ट थ्रो, म्हणजे थोड्या अंतरावरून मोठं चित्र टाकणारा, लागतो. अंतर भागिले चित्राची रुंदी हे गुणोत्तर 1 च्या आसपास असलं की मीटरभर उंचीवरून मीटरभर पेटी भरते. ऑफिसातला नेहमीचा 1.5 गुणोत्तराचा प्रोजेक्टर दीड मीटर वर न्यावा लागतो. मग खांब उंच होतो, डुलतो, आणि खांब डुलला की सगळं जुळवलेलं बिघडतं. प्रोजेक्टर कॅमेऱ्यासारखा मध्यावर नाही, लांब बाजूच्या कडेवर टांगायचा, कारण शॉर्ट थ्रोचं चित्र भिंगाच्या एका बाजूला पडतं. चित्र चौकोनी करणारं कीस्टोन बंद ठेवा. ते काम पुढे सॉफ्टवेअर जास्त नेमकं करतं, आणि कीस्टोनमुळे रेषा धूसर होतात ते वेगळंच. प्रोजेक्टर खाली तोंड करून चालवायला कंपनीची परवानगी आहे का, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहा. सगळे मॉडेल तसे चालत नाहीत, गरम होऊन बंद पडतात.

कॅमेरा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा, एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रासोबतचा जुना काइनेक्ट. तळाशी 1414, 1473 किंवा 1517 हा मॉडेल क्रमांक असला की काम होतं. काइनेक्टचं उत्पादन 2017 मध्ये थांबलं, म्हणजे आता तो जुन्या बाजारातूनच मिळणार. तिथे पहिली फसगत होते ती अडॅप्टरची. एक्सबॉक्स 360 सोबतच्या काइनेक्टचा प्लग वेगळा असतो, कॉम्प्युटरला लावायला यूएसबी आणि वीजपुरवठा एकत्र देणारा अडॅप्टर लागतो आणि विकणारा तो सोबत देईलच असं नाही. लावताना यूएसबी हबमधून नाही, थेट कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरमध्ये एनव्हिडियाचं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि विंडोजऐवजी 64 बिटचं लिनक्स मिंट हवं. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन करून चालवू, हा विचार सोडून द्या. पाण्याचं सगळं गणित ग्राफिक्स कार्डावर होतं, आणि कार्ड कमी पडलं की पाणी काकवीसारखं सरकतं. मुलांना ते लाव्हा वाटतं.

वाळूबद्दल जरा सविस्तर. पेटीत 10 सेंमी थर द्यायचा तर 75 लिटर वाळू लागते, वजन सव्वाशे किलोच्या घरात. मूळ आराखड्यात 200 पौंड, म्हणजे 90 किलो, पांढरी खेळायची वाळू सांगितली आहे. टेबल या वजनाला आणि वरून रेलणाऱ्या डझनभर मुलांना पेलणारं हवं. आपल्याकडे सहज मिळते ती क्रशरची कृत्रिम वाळू बेसाल्टची, काळी. तिच्यावर प्रोजेक्टरचे रंग मरतात. पिवळा मातकट होतो आणि निळा दिसतच नाही. वर काळा पृष्ठभाग इन्फ्रारेड शोषून घेतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या चित्रात भोकं पडतात. नदीची वाळू त्याहून बरी, पण तिच्यातही गडद कण असतात. आणि ती कुठून उपसली जाते हे पाहता नद्यांवर शिकवणाऱ्या पेटीत ती भरणं शोभत नाही. सर्वांत चांगली पांढरी सिलिका वाळू, फाउंड्रीला लागते ती. सिंधुदुर्गात कणकवली-फोंडा भागात तिच्या खाणी आहेत. मात्र सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते. धुतलेली, चाळलेली, मध्यम दाण्याची वाळू घ्या, पिठासारखी बारीक नको. पेटीत भरताना मास्क लावा आणि त्यानंतर ती कधीच कोरडीठाक होऊ देऊ नका.

ओलावा घडणीसाठीही लागतो. कोरडी वाळू 34 अंशांच्या आसपासच्या उतारावर घसरते, त्यामुळे तिच्यात सह्याद्रीचा कडा उभा राहत नाही, सगळे डोंगर धान्याच्या राशीसारखे होतात. झाडांवर फवारायच्या बाटलीने हलका तुषार मारून वाळू उलटीपालटी केली की कडा उभा कापता येतो, पायऱ्यापायऱ्यांची बेसाल्टची ठेवण दाखवता येते. पाणी जास्त झालं की ते तळाशी उतरतं आणि प्लायवूड फुगतं. आतून जाड ताडपत्री किंवा एपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. पावसाळ्यात ओली वाळू झाकून ठेवली की कुबट वास येतो. आठवड्यातून एकदा उघडी ठेवून हलवावी, महिन्याकाठी उन्हात पसरावी, पण पूर्ण सुकू न देता. झाकण मात्र हवंच. उघडी वाळू मांजरांना कशासाठी आवडते हे सांगायला नको.

सामान जमलं की जुळवणी, आणि बहुतेक पेट्या फसतात त्या इथेच. काम तीन टप्प्यांचं. आधी वाळू सपाट करून कॅमेऱ्याच्या चित्रात तिच्यावर चौकोन ओढायचा, म्हणजे सॉफ्टवेअर त्या पातळीचं समीकरण देतं; हीच पेटीची समुद्रसपाटी. मग पेटीचे चार कोपरे मोजायचे: खालचा डावा, खालचा उजवा, वरचा डावा, वरचा उजवा, याच क्रमाने. सवयीने गोल फिरत मोजले की क्रम चुकतो आणि चित्र पीळ पडल्यासारखं दिसतं. दोन्ही आकडे एका साध्या मजकूर फाइलीत चिकटवायचे. शेवटी प्रोजेक्टरची जुळवणी. एका जुन्या सीडीवर पांढरा कागद चिकटवायचा, त्यावर केंद्रातून जाणारी फुली काढायची. प्रोजेक्टर वाळूवर दोन आडव्या-उभ्या रेषा टाकतो. चकती अशी धरायची की फुली त्या रेषांवर बसेल, मग कळ दाबायची. असे 12 बिंदू.

हे 12 बिंदू वेगवेगळ्या उंचीवर घ्यायचे असतात, आणि नेमकं तेच होत नाही. माणूस सोय म्हणून चकती वाळूवर टेकवतो आणि सगळे बिंदू एकाच पातळीत घेतो. मग गणिताला उंचीचा पत्ताच लागत नाही. सपाट वाळूवर सगळं जुळलेलं दिसतं, पण 12 सेंमीचा डोंगर केला की त्याचा माथ्याचा रंग शेजारच्या उतारावर जाऊन बसतो. काही बिंदू वाळूवर, काही पेटीच्या काठाच्या उंचीवर, काही त्याहून वर हातात धरून घ्या. तपासायची पद्धत सोपी: एक उंच टोक आणि एक खोल खड्डा करा. माथ्याचा रंग बरोबर टोकावर आणि निळा बरोबर खड्ड्यात पडला तर जमलं. पुढे कधीही निळा खड्ड्याबाहेर सांडू लागला की समजावं, खांबाला कोणाचा तरी धक्का लागला.

प्रकाशाबाबत दोन गोष्टी. काइनेक्ट इन्फ्रारेड ठिपके टाकून उंची मोजतो, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकीतून कवडसा पेटीत पडला की तेवढ्या भागातला डोंगर गायब. प्रदर्शनाच्या मांडवातले हॅलोजनही तसाच त्रास देतात. एलईडी किंवा ट्यूबलाइट चालते. आणि हाताने वाळू हलवल्यावर रंग लगेच बदलत नाहीत म्हणून पेटी बिघडली असं समजू नका. सॉफ्टवेअर जवळपास सेकंदभराच्या चित्रांची सरासरी काढतं, म्हणून मध्ये आलेल्या हातांचे डोंगर होत नाहीत.

आता रंग. सोबत येणारी रंगपट्टी समुद्राचा निळा, मग हिरवा, पिवळा, तपकिरी, करडा आणि सगळ्यात वर पांढरा अशी आहे. टाहोभोवतीच्या सिएरा नेवाडा डोंगरांना पांढरा माथा शोभतो, तिथे बर्फ पडतो. कळसूबाईवर मुलं बर्फ पाहतात तेव्हा तो गमतीचा विषय होतो. त्याहून वाईट चूक हिरव्याची आहे. पट्टी फक्त उंची बघते, पण पाहणारा हिरवा म्हणजे झाडी आणि पिवळा म्हणजे कोरडवाहू असंच वाचतो. आपल्याकडे उंचीचा आणि हिरवाईचा संबंध असा सरळ नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सरासरी पाचशेच्या आसपास. घाटाच्या पश्चिम उतारावरची 600 मीटर उंची गर्द जंगलाची, पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतली तीच उंची माळरानाची. पेटी दोन्हींना एकच रंग देते.

उपाय स्वस्त आहे. रंगपट्टी ही मजकुराची साधी फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी सेंटिमीटरमध्ये उंची आणि पुढे लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले आकडे. मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवा आणि हिरवा-पांढरा काढून टाकून गेरू, मुरमाचा तांबूस, हळदीचा फिका आणि वर खडूसारखा पिवळट अशी पट्टी बांधा. ओळी चढत्या उंचीने लिहायच्या, आणि शेवटची उंची सगळ्यात मोठ्या ढिगापेक्षा जास्त असावी. जुळणारे दोन रंग शेजारी नकोत: प्रोजेक्टरवर गेरू आणि तपकिरी एकमेकांत मिसळतात. कागदावर छान दिसणारी पट्टी वाळूवर हमखास फिकी पडते, म्हणून आकडे वाळूवर बघत बघतच ठरवावेत. रंग शांत झाले की समोच्च रेषा उठून दिसतात, आणि शिकवायचं आहे ते रेषांतूनच.

निळ्याचंही तसंच. समुद्रसपाटीखालचं सगळं पट्टी निळं रंगवते आणि पावसाचं पाणीही निळं. लातूरच्या शिवारावर बोलताना कोपऱ्यात समुद्र दिसला की श्रोते गोंधळतात, धरण समजतात. कोकण दाखवायचं नसेल तर समुद्रसपाटी पेटीच्या तळाखाली ढकला. जुळवणीत मिळालेल्या पातळीच्या समीकरणातला शेवटचा आकडा, समजा, उणे 98 असेल तर तो उणे 112 केला की पातळी 14 सेंमी खाली जाते. मग पेटीत जे निळं दिसेल ते फक्त पावसाचं. हा एक बदल बाकी सगळ्या सुधारणांपेक्षा जास्त उपयोगी आहे. पातळी बदलली की रंगपट्टीच्या उंचीही तितक्याच वर सरकवायला विसरू नका, नाहीतर सगळा परिसर माथ्याच्याच रंगात न्हाऊन निघतो.

प्रमाणाचा मुद्दा माहितीपत्रकात कुणी फारसा मांडत नाही. मूळ मांडणीत 1 सेंमी म्हणजे 1 मीटर धरलेलं असतं. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी तुमची पेटी 100 मीटर लांब आणि 75 मीटर रुंद आहे, पाऊण हेक्टर, दोन एकरांना थोडी कमी. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र सह्याद्री असतो. डोंगररांगेच्या चित्रावर पाणी शेताच्या तुकड्यावरच्या वेगाने धावतं, आणि पूर सेकंदात येतो. हे प्रमाण बदलता येतं, निदान निवेदनात सांगता तरी येतं.

संपूर्ण सह्याद्रीची हौस आवरावी असं आमचं मत. पेटीचा मीटर 50 किलोमीटर धरला तर 1646 मीटरचं कळसूबाई 3.3 सेंमी उंच भरतं. मुलं सहज 15 सेंमीचा डोंगर रचतात, तो त्या हिशेबाने साडेसात किलोमीटरचा होतो. गावाचं शिवार मात्र पेटीत प्रामाणिकपणे मावतं. 1:4000 धरलं तर 4 गुणिले 3 किलोमीटर, म्हणजे 1200 हेक्टर. 200 मीटरचा डोंगर बरोबर 5 सेंमीचा, उंची फुगवायची गरजच नाही. समोच्च रेषांचं मूळ अंतर 0.75 सेंमी, म्हणजे 30 मीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर ते 20 मीटर असतं, तेव्हा 0.5 सेंमी केलं की दोन्ही जुळतात आणि गावचा खरा नकाशा शेजारी ठेवून वाळू घडवता येते. एखाद्या भागाचा उंचीचा डिजिटल नकाशा घालून वाळू कुठे जास्त, कुठे कमी हे रंगाने दाखवण्याची सोयही सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रशिक्षणाच्या आदल्या संध्याकाळी तीच वापरावी.

पेटी खरी कमाल करते ती सलग समतल चरात, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या लांब चरात. डोंगरउतार घडवा, एका समोच्च रेषेवरून बोटाने चर ओढायला सांगा, उकरलेली वाळू खालच्या अंगाला भर म्हणून ठेवा आणि पाऊस पाडा. रेषेवर राहिलेला चर टोकापासून टोकापर्यंत सारखा भरतो. शेजारी दुसरा चर मुद्दाम एका टोकाला अर्धा सेंटिमीटर खाली उतरवा. सगळं पाणी त्या टोकाला धावतं, तिथे भर ओलांडतं आणि एकाच धारेने खाली जातं. शिवारात हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम लावून समपातळी का काढायची, नुसत्या नजरेने का नाही, हे त्या धारेकडे बघून कुणालाही कळतं. मग माथ्यावर काहीच न करता पायथ्याला बांध घाला आणि पाऊस वाढवा. बांधावरून पाणी जातं. ‘माथा ते पायथा’ का म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही. फक्त चर 1.5 सेंमी रुंद आणि 1 सेंमी खोल हवा, कारण त्याहून बारीक काही कॅमेऱ्याला धड दिसत नाही. आणि हे बोलून दाखवा: शिवारात चर 60 सेंमी रुंद असतो, 1:4000 च्या पेटीत तुमच्या बोटाने 60 मीटर रुंदीचा खणला आहे.

पाऊस हाताने पाडणं दिसायला छान, पण बेभरवशाचं. पंजा पसरून वाळूपासून बराच उंच धरावा लागतो. लहान मुलांचा हात तिथवर पोचत नाही आणि मग दहा मुलं एकाच वेळी हात नाचवतात. कीबोर्डवरची 1 ची कळ सगळीकडे पाऊस पाडते, 2 ची पाणी काढून घेते. त्या दोन कळांना मोठी दोन बटणं जोडून निवेदकाजवळ ठेवा.

कोकण आणि देश एकत्र दाखवायचाच असेल तर प्रमाण सोडून द्या आणि ते चित्र आहे असं सांगा. पेटीच्या डाव्या बाजूला समुद्र, मग उभा कडा, तिथून उजवीकडे लांब सौम्य उतार. पाऊस पडला की डावीकडचं पाणी पाहता पाहता समुद्रात जातं, उजवीकडचं रेंगाळत, एकत्र येत पलीकडच्या टोकाला पोचतं. अरबी समुद्रापासून 80 किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला उगम पावून गोदावरी 1465 किलोमीटर उलट दिशेला का जाते, याचं उत्तर वाळूत आहे. महाबळेश्वरच्या डोक्यावर मूठभर वाळू ठेवून तिथून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला सोडली तर घाटमाथा म्हणजेच जलविभाजक हे पाचवीतल्या मुलालाही सांगावं लागत नाही.

जिथे पेटी गप्प बसते ती जागा मोठी आहे. तिच्यात पाणी मुरत नाही. ते पृष्ठभागावर वाहतं किंवा साचतं, आणि फार तर सगळीकडे सारख्या वेगाने आटतं. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा. कुठे झिजलेला मुरूम पाणी पितो, कुठे घट्ट कातळ थेंबही घेत नाही, आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींची गत त्यावर ठरते. पेटी पाहून घरी जाणारा माणूस चर म्हणजे पाणी साठवायची पन्हळ असं समजतो, तर चराचं अर्धं काम जिरवण्याचं. म्हणून पेटीशेजारी काचेची मासळीची टाकी ठेवाच: तळाला फरशीचा तुकडा, त्यावर खडी, त्यावर मुरूम, वर माती, कोपऱ्यात जाळीच्या नळीची विहीर. रंगीत पाणी ओता आणि विहिरीची पातळी दाखवा. खर्च नगण्य, आणि पेटीने अर्धवट सोडलेलं वाक्य इथे पुरं होतं.

पर्यायांचं थोडक्यात. मॅजिक सँड हे विंडोज आणि मॅकवर चालतं, उभं करायला सोपं, त्यात मासे-ससे फिरतात. वाहत्या पाण्याचं गणित त्यात नाही, म्हणून पाणलोटासाठी कामाचं नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचं टँजिबल लँडस्केप उलट टोकाचं. घडवलेली जमीन ग्रास जीआयएस या नकाशांवर गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि प्रवाह, धूप यांची खरी गणितं परत वाळूवर उमटतात. आकार धरून ठेवणारी पॉलिमर मिसळलेली वाळू लागते आणि जीआयएस जाणणारा माणूस कायम शेजारी बसवावा लागतो. भूदृश्य वास्तुकलेच्या महाविद्यालयाने तेच घ्यावं. गावाच्या बैठकीला मात्र शिवारफेरी करून शाळेच्या पटांगणात रांगोळीने काढलेला नकाशा अजूनही पेटीला हरवतो. त्यात ओढ्याचं, बांधाचं, वस्तीचं नाव असतं आणि चूक काढायला म्हातारी माणसं पुढे येतात. पेटीसमोर ती मागे उभी राहतात. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना मातीचा उतार हाताला माहीत असतोच. त्यांना पेटी द्यायच्या आधी अंगणात मातीचा डोंगर करून झारीने पाणी घालायला लावा, म्हणजे पेटीपाशी ती नुसते रंग बघत उभी राहणार नाहीत.

वर्गासाठी घेणार असाल तर एका वेळी पेटीभोवती सहा-आठ मुलं, त्याहून जास्त नाही. बाकीच्यांना टाकीपाशी आणि नकाशापाशी लावा. सुरुवातीची दोन मिनिटं काही न सांगता खेळू द्या, नाहीतर पुढची दहा मिनिटं ती खेळतच राहतात. फोटोत पेटी सपाट दिसते, कारण प्रोजेक्टर वरून प्रकाश टाकून वाळूच्या सावल्या पुसतो. अहवालासाठी चित्रं हवी असतील तर उतारांवर सावली रंगवणारा डोंगरछायेचा पर्याय चालू करा. प्रोजेक्टरची जाळी आठवड्याला पुसा, वाळूची धूळ तिथेच बसते. वीज गेली की कॉम्प्युटर सावरेल इतका यूपीएस पुरे, प्रोजेक्टरला तो पेलवत नाही.

खरेदीचा क्रम उलटा धरू नका. आधी काइनेक्ट आणि अडॅप्टर मिळवून कॉम्प्युटरवर त्याचं खोलीचं चित्र दिसतं का ते पाहा. मग प्रोजेक्टर घ्या, जमिनीवर मीटरभर अंतरावरून त्याचं चित्र टाकून मोजा, आणि त्या मापाने सुताराला पेटी सांगा. पेटी आधी करून घेतली की प्रोजेक्टर तिच्या मापाचा शोधत बसावं लागतं.